थंड हवेची मंजुरी

मोटारीतील वातानुकूलनाचे बटण दाबले की थंडावा सुरू होतो, असे आपण समजतो. वस्तुतः ते बटण म्हणजे केवळ अर्ज. मंजुरी देतो इंजिनाचा संगणक. पुष्कळ गाड्यांत थंडावा निर्माण करणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्याचा भार इंजिनावर पडतो. म्हणून संगणक प्रथम नळ्यांतील गॅसचा दाब व इंजिनाचे तापमान पाहतो, उभ्या गाडीचे इंजिन बंद पडू नये यासाठी त्याचा वेग किंचित वाढवतो आणि मगच विद्युतचुंबकी क्लच जोडतो. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला किंवा इंजिन फार तापले, तर तो क्लच सोडवतो. तेव्हा बोरघाट चढताना थंड हवा मंदावली, तर लगेच बिघाडाची शंका घेऊ नये. आपल्याला थोडा घाम फोडून संगणक कदाचित इंजिन वाचवत असेल!