ललाटरेषा आणि सावकाराची वही

सटवाईने कपाळी लिहिलेले टळत नाही, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. सरावली ज्या डहाणू-तलासरी पट्ट्यात वसले आहे, तेथील वारल्यांनी मात्र ती कसोटीला लावली. लग्नापुरत्या घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जमीनदार-सावकाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटत नसे, पिढ्या सरत. वेठबिगार जणू पाचवीलाच पुजलेली!

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर या लढ्याच्या अग्रभागी होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण बळी पडले. तरीही लढा थांबला नाही आणि लग्नगडीची प्रथा मोडली.

जन्म कोणत्या घरी व्हावा, हे माणसाच्या हाती नसते. तेवढे दैव मानावेच लागते. परंतु वारल्यांच्या दैवाचा मोठा भाग सावकाराच्या वहीत माणसानेच लिहिला होता. म्हणूनच तो माणसांना पुसता आला; एकट्यादुकट्याला नव्हे, एकजुटीने.