रॅकची खोली आणि खोलीतला रॅक

सहा यू घ्यावा की नऊ यू, हा घरच्या नेटवर्क लॅबसाठी रॅक घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, आणि खानदेशातल्या सावद्यासारख्या गावात तरी तो सगळ्यात शेवटी विचारावा असा आहे. यू म्हणजे उंचीचं माप, ४४.४५ मिलिमीटर, जुन्या हिशेबात पावणेदोन इंच. रुंदी १९ इंच ठरलेली, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. ही मापं संगणकाच्या जन्माआधीची आहेत. टेलिफोनच्या तारांवर आवाज वाढवणारी रिपीटर नावाची यंत्रं सुरुवातीला लाकडी पेट्यांत आणि फळ्यांवर जमेल तशी मांडलेली असत. ती नीट रचता यावीत म्हणून अमेरिकेतल्या एटीअँडटी कंपनीने १९२२च्या सुमारास ही चौकट रूढ केली. शंभर वर्षं उलटली, रुंदी आणि उंची बदलली नाही. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेला जुना स्विच सावद्यातल्या नव्या रॅकमध्ये निमूट बसतो. पण तिसरं माप कुणी तितकं पक्कं केलं नाही. ते म्हणजे खोली. मराठीत चौकट किती खोल आहे तीही खोली आणि ती जिथे ठेवायची तीही खोली. सहा की नऊ हे या दोन्ही खोल्या नीट पाहिल्यावर आपोआप ठरतं.

पहिली खोली घेऊ. बाजारात सर्रास मिळणारा भिंतीवरचा काचेच्या दाराचा रॅक बाहेरून ४५० मिलिमीटर खोल असतो. दार आणि पुढच्या रेलमध्ये तारा वळवायला पाचेक सेंटिमीटर सोडलेले असतात, म्हणजे यंत्राला मागे उरतात जेमतेम ३८०-३९०. सिस्कोचा कॅटलिस्ट २९६० हा शिकणाऱ्यांचा लाडका स्विच २३६ मिलिमीटर खोल आहे. तो सुखाने बसतो आणि घेणाऱ्याला वाटतं, जमलं. मग त्याच अभ्यासासाठी सिस्कोचाच २८११ राउटर येतो. त्याची उंची एकच यू, पण खोली ४१७ मिलिमीटर. मागच्या पत्र्याला टेकून तो बाहेर राहतो आणि दार लागत नाही. शिवाय या राउटरची वीज आणि कन्सोलची तार पुढून जाते, नेटवर्कच्या तारा मागून. स्विचचं नेमकं उलट, तारा पुढून आणि वीज मागून. दोघं एका पेटीत आले की पुढून-मागून दोन्हीकडे हात जायला हवा. भिंतीला पाठ लावलेल्या पेटीत मागे हात घालायचा म्हणजे वरचं यंत्र काढून खालचं गाठायचं. जुना सर्व्हर घेण्याचा मोह झालाच तर तो सत्तर सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो. मग भिंतीवरच्या पेटीचा विषयच संपतो. उंचीत चूक झाली तर एखादं यंत्र वर ठेवून भागतं. खोलीतली चूक निभावता येत नाही.

आता हवा. यंत्रात गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. नेटवर्कच्या यंत्रांतून दुसरं काही बाहेर पडत नाही म्हटलं तरी चालेल. दोन स्विच, एक राउटर आणि एक छोटा पीसी मिळून १०० वॅट धरू. साधारण ५५ सेंटिमीटर रुंद, ३७ उंच आणि ४५ खोल अशी सहा यूची बंद पेटी भिंतीला लावली, तर उष्णता सोडायला तिला पाऊण ते एक चौरस मीटर पत्रा मिळतो. रंगवलेला पत्रा स्थिर हवेत चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाच्या फरकाला पाच-सहा वॅट सोडतो. ढोबळ हिशेब केला तरी आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते. पुण्यात ३० अंशांच्या खोलीत हा आकडा ५० होतो आणि यंत्रं कुरकुरत चालतात. सावद्यात मे महिन्यात पारा ४४-४५च्या पुढे जाणं नवलाचं नाही. खोलीत ४० धरले तरी पेटीत ६०. वर सांगितलेल्या राउटरला बनवणाऱ्याने ४० अंशांपर्यंतची हमी दिली आहे, स्विचला ४५. घरगुती वापराच्या बहुतेक राउटरांवरही ४०च लिहिलेलं असतं. म्हणजे काचेचं दार लावलं त्या क्षणी आपण कागदावरची हमी ओलांडलेली असते.

सावद्याच्या माणसाला हे समजावायला भौतिकशास्त्राचं पुस्तक लागू नये. रावेर-सावद्याच्या स्थानकांवरून केळी दिल्लीकडे जाते. कापलेलं केळ श्वास घेतं, श्वासाबरोबर ऊब सोडतं, आणि ऊब अडली की शेजारच्या फण्यांना घेऊन पिकतं. म्हणून क्रेटला भोकं असतात. पिकवण्याच्या खोलीत थप्पी लावतानाही भिंतीपासून अंतर ठेवतात आणि दोन थप्प्यांमध्ये हवेची वाट सोडतात. किती क्रेट मावतात यापेक्षा हवा कुठून जाते हे आधी पाहतात. यंत्रांच्या थप्पीला वेगळा न्याय लावायचं कारण नाही. (फरक इतकाच की जास्त पिकलेलं केळ शिकरणीला तरी चालतं.)

यावर सोपा उपाय सुचवला जातो, पंखा लावा. उपाय खरा आहे, पण त्याची हद्द ओळखली पाहिजे. १०० वॅटची उष्णता बाहेर काढताना हवा १० अंशांनीच तापू द्यायची, तर मिनिटाला अर्धा घनमीटर हवा लागते. ५ अंशच हवे असतील तर एक घनमीटर. १२० मिलिमीटरचा पंखा मोकळ्यात दीड-दोन घनमीटर ढकलतो आणि पुढे गाळणी लावली की निम्म्यावर येतो. तेवढ्यात काम भागतं. मात्र पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोली ४२ वर असेल तर आत ४२च्या खाली काही जाणार नाही. म्हणून प्रश्न पुन्हा दुसऱ्या खोलीकडे येतो, म्हणजे घरातल्या.

आणि इथे खानदेशातल्या घरांचा एक पेच आहे. गावठाणातलं जुनं धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच छत, दुपारी घरातली सगळ्यात थंड जागा असते. पण त्या भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही. भोक पाडताना माती भुगा होऊन खाली येते, आणि आज घट्ट वाटलेला बोल्ट पावसाळ्याच्या ओलीनंतर हलायला लागतो. उलट वरच्या मजल्यावर सिमेंटची नवी भिंत आहे, बोल्ट पक्का बसतो, पण डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. भिंत आहे तिथे गारवा नाही, गारवा आहे तिथे भिंत नाही. पेटीचं वजन धरून ३० किलोचा भार ४५ सेंटिमीटर खोल रॅकमध्ये टांगला, तर वरच्या बोल्टांना बाहेर खेचणारी ओढ वीस-बावीस किलोंची होते. त्यात कुणी बॅटरीचा यूपीएस ठेवला की ही ओढ दीडपट तरी होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सावद्यासारख्या ठिकाणी भिंतीचा नाद सोडावा. चार खांबांची उघडी, जमिनीवर उभी चौकट घ्यावी, खोली पुढे-मागे सरकवून जुळवता येणारी, आणि ती खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत ठेवावी. पश्चिमेची भिंत टाळावी. यूपीएस चौकटीत न ठेवता बाजूला जमिनीवर असावा, कारण शिशाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमावते. तिला यंत्रांच्या गरम श्वासात बसवणं म्हणजे दर दोन उन्हाळ्यांनी नवी बॅटरी आणणं.

उघड्या चौकटीवरचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो बिनबुडाचा नाही. वैशाखात वावटळी उठतात, काळ्या मातीची धूळ फटीफटीतून येते, पाली आहेत, उंदीर आहेत. बंद पेटी यांना अडवते, हे म्हणणं मात्र अर्धंच खरं. पंखा आतली हवा बाहेर फेकत असेल तर तेवढीच हवा दाराच्या कडेने आणि तारांच्या भोकातून आत ओढली जाते, धुळीसकट, आणि ती वाट गाळणीतून जात नाही. पालीला तर तारांचं भोक पुरतं. थंडीत तिला उबदार पेटी आवडते. पेटीत काय साचलं हे पेटी उघडेपर्यंत कळत नाही, आणि चालू असलेली पेटी कोण उघडतो? उघड्या चौकटीवरची धूळ रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून ती पंधरा दिवसांनी ब्रशने झटकली जाते. उंदरांचा धोका मात्र मी मान्य करतो. जिथे धान्य साठवतात त्या खोलीत चौकट ठेवू नये, आणि ठेवावीच लागली तर जाळीच्या दारांचा रॅक घ्यावा, काचेचा नव्हे. पंखा असा लावावा की तो गाळणीतून हवा आत ढकलेल, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाईल, आत येणार नाही.

कूलरबद्दलही दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. मे महिन्यातली कोरडी हवा कूलरच्या ओल्या ताट्यांतून आली की चांगली आठ-दहा अंशांनी उतरते, आणि त्या दिवसांत तेवढ्या दमटपणाने यंत्राला काही होत नाही. झोत थेट चौकटीवर येऊ नये, कारण कूलर कधीकधी थेंब फेकतो आणि बोअरच्या जड पाण्याचा थेंब सुकला की मागे क्षार ठेवतो. पावसाळ्यात कूलर बंदच हवा. तेव्हा हवा आधीच ओली असते.

एक गोष्ट रॅकच्या जाहिरातीत कधी नसते: अर्थिंग. अशा यंत्रांच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले कपॅसिटर थोडी वीज यंत्राच्या धातूच्या अंगाकडे सोडत असतात. एका यंत्राची ही गळती मिलिअँपिअरच्या अंशात मोजावी इतकी किरकोळ, पण सहा यंत्रं एका लोखंडी चौकटीला स्क्रूने जोडली की सगळ्यांची गळती एकत्र होते. सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असेल, आणि जुन्या वायरिंगमध्ये ते बऱ्याचदा तसंच असतं, तर चौकटीला हात लावताच झिणझिण्या येतात. काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम, पण उन्हाळ्यात ती आटून भेगाळते आणि खड्ड्यातल्या पट्टीशी तिचा संबंध सुटतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची रीत उगाच पडलेली नाही. चौकटीला वेगळी अर्थिंगची तार जोडावी आणि जोडाच्या जागी रंग खरवडावा, कारण रंगावर घट्ट केलेला नट वीज नेत नाही.

आता मोठा आक्षेप: हे सगळं कशाला? फैजपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमध्ये पन्नास राउटर फुकट जोडता येतात, तेही लॅपटॉपवर, कूलरसमोर बसून. परीक्षेपुरतं ते पुरेसं आहे, हे खरंच. पण सिम्युलेटरमधली तार कधी अर्धवट बसलेली नसते, त्यातला स्विच वीज गेली-आली म्हणून अर्ध्या वाटेत अडकत नाही, त्यातला पंखा धुळीने घासत नाही. नोकरीत पहिल्या दिवसापासून भेटतात त्या याच गोष्टी. तरीही दोन-तीन छोटे पीसी आणि आठ पोर्टचा एक स्विच एवढंच असेल तर रॅक न घेता जाळीचं साधं फडताळ घ्यावं, असं मी म्हणेन. दहा इंची छोटे रॅक दिसायला देखणे असतात, पण जुन्या बाजारातला जवळजवळ सगळा माल १९ इंची आहे. पुढे एकच जुना स्विच घरात आला की तो रॅक निरुपयोगी.

तयार उघड्या चौकटीची किंमत ऐकून गावातल्या ग्रिलवाल्याकडून करून घ्यावी असं वाटणं साहजिक आहे. अँगल कापून जोडण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. अडचण भोकांची आहे. रॅकची भोकं समान अंतरावर नसतात, १५.९, १५.९, १२.७ मिलिमीटर अशी फिरती रचना असते, आणि समोरासमोरच्या दोन रांगांच्या मध्यांमध्ये ४६५ मिलिमीटर भरावे लागतात. हातड्रिलने शंभर भोकं पाडताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की वरचे चार स्क्रू बसतात आणि पाचवा बसत नाही. म्हणून रेल तेवढ्या तयार विकत आणाव्यात आणि चौकट गावात करून घ्यावी. रेल वेल्ड न करता बोल्टने बसवाव्यात, म्हणजे खोली नंतर बदलता येते. उंची बारा यू ठेवावी, कारण अँगल दोन फूट लांब काय अन् अडीच फूट काय, खर्चात फारसा फरक पडत नाही, आणि रिकामी राहिलेली जागा हवेला मिळते. मागे हात जावा म्हणून खाली चाकं लावली तर त्यातली दोन तरी ब्रेकची असावीत. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीला न्हाणीकडे उतार असतो.