आठशे सीसीची गाडी आणि आंबेनळी घाट

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट ४० किलोमीटरच्या आसपासच्या वाटेत गाडीला कोकणातून उचलून साडेतेराशे मीटर उंचीवर नेऊन ठेवतो. या वाटेने छोटी गाडी काढायची म्हटलं की घरात कुणीतरी विचारतंच, ‘पाच जणांना घेऊन ओढेल का ही?’ ओढते. फक्त कोणत्या गिअरमध्ये, एवढं चालवणाऱ्याला कळलं पाहिजे.

अल्टो ८०० घेऊ. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कागदावर ताकद ४८ अश्वशक्ती. पण ती मिळते इंजिन ६००० आरपीएमने फिरत असताना. १५०० आरपीएमला त्यातली जेमतेम १०-१२ हाताशी असते आणि ३५०० ला ३४ च्या घरात. आता गाडी, पाच माणसं आणि डिकीतलं सामान मिळून ११५० किलो वजन धरा आणि चढ १५ ला १ असा, म्हणजे १५ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ताशी ४० च्या वेगाने हे वजन नुसतं वर उचलायलाच ११ अश्वशक्ती लागतात. टायरचं घर्षण आणि वारा यांचे आणखी दोन-तीन. म्हणजे गरज १४ ची. १५०० आरपीएमवर रेंगाळणारं इंजिन ती भागवू शकत नाही, ३५०० वर फिरणारं आरामात भागवतं. गाडी तीच, चढ तोच, फरक गिअरचा.

आपल्याकडे मात्र वरच्या गिअरची ओढ फार. इंजिन ओरडायला लागलं की ते फाटेल असं वाटतं आणि हात आपोआप तिसऱ्या-चौथ्याकडे जातो. खरं तर छोटं पेट्रोल इंजिन घाटात ओरडलेलंच चांगलं. त्याला त्रास होतो तो उलट बाजूने: चौथ्यात अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलाय, वेग पडतोय, गाडी थरथरतेय आणि बॉनेटखालून कडकड आवाज येतोय. हे नॉकिंग. ते ऐकू येईपर्यंत थांबायचंच नाही. साध्या मॉडेलांत आरपीएमचा काटा नसतो, तेव्हा भिस्त कानावर. पाय दाबूनही वेग वाढत नसेल तर खालचा गिअर, आणि तोही चढ सुरू होण्याआधी. चढाच्या मध्यावर वेग पडल्यावर गिअर बदलायला गेलं की क्लच दाबलेल्या त्या क्षणात उरलासुरला वेगही जातो आणि दुसऱ्याऐवजी पहिला टाकावा लागतो.

उंचीचाही हिशेब आहे. वर हवा विरळ होते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हजार मीटरला सुमारे एक दशांश घटते. एसीचा कॉम्प्रेसर आणखी दोन-तीन अश्वशक्ती खातो. मोठ्या गाडीला ते जाणवत नाही, अल्टोला जाणवतं. म्हणून अगदी उभ्या चढापुरता एसी बंद करणं हा कंजूषपणा नव्हे. गाडी सीएनजीवर असेल तर घाट लागण्याआधी बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. गॅसवर ताकद कमी मिळते आणि टाकीचं वजन डिकीत असतंच.

वळणांची गंमत वेगळी. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चढताना डावीकडचं हेअरपिन वळण आपल्या वाट्याला आतल्या बाजूने येतं. आतली कड लांबीला कमी, पण उंची तेवढीच चढायची, म्हणून तिथे चढ सर्वांत तीव्र. अशा वळणाला आधीच दुसरा, गरज पडली तर पहिला. तिथे दम गेला की माणूस वळण मोठं घेतो आणि समोरून उतरणाऱ्या एसटीच्या वाटेत जातो. उजवीकडचं वळण बाहेरून, लांब आणि सौम्य असतं. तिथे वेग थोडा सावरून घेता येतो. वळणाआधी हॉर्न, आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियमच आहे. ट्रकला ओव्हरटेक करण्याइतकी ताकद छोट्या गाडीकडे चढावर उरत नाही. गुपचूप मागे राहावं. फक्त इतकं अंतर ठेवून की तो थांबला तर आपल्याला बाजूने निघता येईल.

आणखी एक अडचण पावसाळ्यात समजते. या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. चढावर वजन मागे सरकतं, त्यात मागे तिघं आणि डिकी भरलेली; मग पुढची चाकं हलकी होऊन ओल्या खडीवर जागच्या जागी फिरतात. अशा वेळी रेस वाढवली तर ती आणखी फिरतात. रेस कमी करून, चाकं शक्य तितकी सरळ ठेवून हळूच पुढे काढायची. (२००९ साली आलेली नॅनो इथे सवाई ठरायची. इंजिन मागे, ओढणारी चाकंही मागे. चढावर वजन नेमकं हवं तिथे जायचं. तिला हसणाऱ्यांनी हे फारसं लक्षात घेतलं नाही.)

वाहतूक तुंबली की परीक्षा क्लचची. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे स्वतःला तरबेज समजतात, पण त्यांची क्लच प्लेट तेवढा वेळ घासत असते. थोड्याच वेळात जळका वास येतो. थांबलं की हँडब्रेक. निघताना पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळूहळू सोडत इंजिनाचा आवाज जड होऊन गाडीचं नाक किंचित उचलेपर्यंत थांबायचं आणि मग हँडब्रेक खाली. गाडी इंचभरही मागे जात नाही. एएमटी गाडीतही हँडब्रेकची ही सवय ठेवावी, कारण हिल होल्ड नसेल तर ब्रेकवरून पाय उचलताच तीही मागे घरंगळते. आणि वळणांच्या चढावर तिला मॅन्युअलवर टाकावं. नाहीतर ती नको तिथे वरचा गिअर घेते.

आता उतार. गाडी दमते चढताना, पण धोका खरा उतरताना. मघाचंच ११५० किलो वजन महाबळेश्वरहून पोलादपूरला आणायचं तर त्या उंचीत साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर तेवढ्या उष्णतेत जवळपास ५० लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. काही भाग वारा आणि टायर खातात. पण बाकीची उष्णता पुढच्या दोन छोट्या डिस्क आणि मागचे दोन ड्रम किती सोसणार? लायनर तापून पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, पेडल स्पंजासारखं तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. पावसाळ्याआधी दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायला फार पैसे लागत नाहीत.

यावर जुन्या ड्रायव्हरांचा नियम चोख आहे: ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला मागे ओढतं. वेग वाढलाच तर ब्रेक एकदा नीट दाबून कमी करायचा आणि पाय उचलायचा, म्हणजे डिस्कला निवायला उसंत मिळते. पाय सतत टेकवून ठेवणं सर्वांत वाईट. आणि ‘पेट्रोल वाचतं’ म्हणून न्यूट्रलमध्ये सोडणं? इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत तर नाहीच. काही बहाद्दर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकची व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

उतरताना जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर रुंद जागा बघून थांबावं आणि अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकडी होते. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर पहिला गिअर टाकून, चाकं डोंगराच्या बाजूला वळवून उभी करावी. चाकाला दगड लावलाच, तर निघताना तो उचलून कठड्यापाशी ठेवावा. तिन्हीसांजेला धुक्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही.