आखातातून पार्थिव आणताना: ऐकीव काय, खरं काय

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या गावांना आखात नवं नाही. तिथून वाईट बातमी आली की घरात पहिला प्रश्न निघतो, "बॉडी कधी येणार?" जमलेला प्रत्येकजण मनापासून काही ना काही सांगतो, पण त्यातलं पुष्कळसं ऐकीव असतं. मग सुरुवातीचे मोलाचे दिवस नको त्या दारांवर खेटे घालण्यात जातात.

"सगळं दूतावासच करतो," हा यातला सर्वांत महागात पडणारा समज. भारतीय दूतावास मृत्यूची नोंद करतो, मृताचा पासपोर्ट रद्द करतो आणि ना-हरकत पत्र देतो. पण त्याआधी त्याला घरच्यांचं म्हणणं लेखी लागतं: पार्थिव भारतात पाठवायचं की तिथेच अंत्यसंस्कार करायचे? जवळच्या वारसाने सही केलेलं हे संमतीपत्र नोटरीकडून साक्षांकित करून पाठवायचं असतं. सौदी अरेबियासाठी ठरलेल्या नमुन्यातलं मुखत्यारपत्र लागतं. तिथली धावपळ कोणी करायची, त्याचं नाव त्यात असतं. म्हणजे पहिला कागद रियाधहून किंवा दुबईहून येत नाही, तो आपल्या तालुक्याच्या गावी तयार होतो. पुढाऱ्याच्या चिठ्ठीमागे धावण्याआधी नोटरी गाठा. सोबत पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती ठेवा. रुग्णालयाचा अहवाल आणि मृत्यू अपघाती असेल तर पोलिस अहवाल तिथल्या माणसाने मिळवायचा असतो. त्यासाठी घरातल्या कुणी विमानाने तिकडे जायलाच हवं असं नाही. अधिकारपत्र दिलेला सहकारी किंवा कंपनीचा माणूस हे काम करू शकतो.

खर्चाची धास्ती तर अनेक घरांना पहिल्याच रात्री कर्ज काढायला लावते. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी, दोन्हीकडच्या कामगार कायद्यांनुसार पार्थिवाची तयारी आणि ते मायदेशी पोचवण्याचा खर्च मालकावर आहे. अमिरातीत कामगाराची थकलेली देणी १० दिवसांत वारसांना देण्याचं बंधनही आहे. तेव्हा आधी कंपनीला किंवा कफिलाला (व्हिसाच्या प्रायोजकाला) लेखी विचारा. मालक हात वर करत असेल किंवा माणूस व्हिजिट व्हिसावर गेलेला असेल आणि घरची ऐपत नसेल, तर दूतावासाकडे २००९ साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. परिस्थिती पाहून त्यातून मदत मिळते, पण ती मागावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवली की तिचा पाठपुरावा घरबसल्या करता येतो.

"विमा होता, दहा लाख मिळतील," हेही सरसकट खरं नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेतले १० लाख रुपये अपघाती मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहेत. शिवाय ही योजना रीतसर एमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन गेलेल्या कामगारांची आहे. एजंटाने व्हिजिट व्हिसावर पाठवलेला माणूस तिच्या बाहेरच राहतो, आणि हे घरच्यांना कळतं ते तो गेल्यावर.

वजनावर पैसे घेतात, ही गोष्ट मात्र एकेकाळी खरी होती. शवपेटीसकट पार्थिव तोलून भाडं लावत, आणि त्यावर आखातातल्या भारतीयांनी वर्षानुवर्षं संताप व्यक्त केला. २०१९ साली एअर इंडियाने आखातातून ठरावीक दर लागू केला. अमिरातीतून मोठ्या माणसासाठी तो १५०० दिरहम होता. आजचा दर त्या-त्या विमान कंपनीला विचारावा.

आता सर्वांत दुखरी गोष्ट. पेटी उघडल्यावर मानेजवळ किंवा जांघेत टाके दिसतात, चेहरा काळवंडलेला किंवा ताठर वाटतो, आणि कुणीतरी कुजबुजतं, "अवयव काढून घेतले असणार." त्या घराला हा संशय आयुष्यभर पुरतो. पार्थिव टिकवण्यासाठी एम्बामिंग करताना मोठ्या रक्तवाहिनीतून फॉर्मालिनयुक्त द्रव शरीरात सोडतात. ते टाके बहुधा त्यासाठी घेतलेल्या छेदाचे असतात. छातीपासून पोटापर्यंतची लांब शिवण असेल तर ती शवविच्छेदनाची. मृत्यू संशयास्पद वा अपघाती असेल तर तिथल्या तपास यंत्रणा शवविच्छेदन करायला लावू शकतात. त्याचा अहवाल मागायला कचरू नका. आणि मृत्यूबद्दल खरोखर शंका असेल तर ती एम्बामिंगच्या आधी दूतावासाला लेखी कळवा. इथे आल्यावर पुन्हा तपासणी करता येते, पण त्या द्रवामुळे काही विषांचा माग काढणं फार अवघड होतं.

मुंबईत नातेवाईक हार घेऊन प्रवाशांच्या दारापाशी उभे राहतात, ते पाहवत नाही. पार्थिव कार्गोमधून येतं आणि कार्गो टर्मिनलवरच ताब्यात मिळतं. त्यासाठी विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांची आणि कस्टम्सची मंजुरी लागते. आरोग्य मंजुरीसाठी ऑगस्ट २०२३ पासून 'ई-केअर' हे ऑनलाइन पोर्टल आहे. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट यांच्या प्रती विमान सुटण्याआधीच मागवून घ्या. सिंधुदुर्गच्या घरांना मुंबईपेक्षा गोवा जवळ. तिथे पार्थिव उतरवायची सोय त्या विमान कंपनीकडे आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारलं तर रात्रभराचा रुग्णवाहिकेचा प्रवास वाचू शकतो.

काही घरं तिथेच निरोप द्यायचं ठरवतात. दुबईत जेबेल अलीला हिंदू स्मशानभूमी आहे, अस्थी आणणं पार्थिवापेक्षा कितीतरी सोपं असतं. सौदीत दहनाला परवानगी नाही, दफन होतं. तिथे दफनाला होकार दिला तर भरपाई बुडेल, या भीतीने कुणी अडून बसू नये. थकलेला पगार, सेवेचे पैसे, अपघाताची भरपाई यांचे दावे वेगळे चालतात आणि त्यांना वारसाची कागदपत्रं लागतात.

मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत भांडू नका. नोंद मृत्यू जिथे झाला तिथली असते, म्हणून गावात ती होत नाही. परदेशातल्या भारतीय नागरिकाच्या मृत्यूची नोंद नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार दूतावासात होते. बँक, सातबारा, विमा सगळीकडे तोच दाखला द्यायचा असतो. त्याच्या जादा साक्षांकित प्रती सुरुवातीलाच मागून घ्या.