शेकरूचा मुलूख
कन्हानच्या काठी उभ्या असलेल्या कडुलिंबांवर दिवसभर खालीवर धावणारी, पाठीवर पाच फिकट पट्टे मिरविणारी खार आम्हां मौदेकरांच्या इतकी परिचयाची आहे, की तिच्याकडे मुद्दाम थांबून पाहावे असे क्वचितच कोणाच्या मनात येते. परंतु तिच्याच कुळातील, आकाराने मांजराएवढे आणि अंगापेक्षाही लांब झुबकेदार शेपटीचे शेकरू मात्र, महाराष्ट्राचा राज्यप्राणी असूनही, आमच्यापैकी बहुतेकांनी केवळ चित्रातच पाहिलेले असते. यातील विलक्षण गोष्ट अशी, की ज्या सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, आमची कन्हान उगम पावते त्याच पर्वतराजीत शेकरूची वस्ती आहे, आणि मौद्यावरून पुढे जाऊन ती ज्या वैनगंगेला मिळते, तिच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेस उतरत गेल्यास गडचिरोलीच्या अरण्यात शेकरू पुन्हा भेटते. मधल्या मुलखात, धानाच्या बांध्यांच्या या सपाट प्रदेशात, पाणी वाहत येते. शेकरू येत नाही.

प्राणिशास्त्राच्या दप्तरात या प्राण्याची नोंद झाली ती मुंबईच्या नावाने. थॉमस पेनंट या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने 1771 मध्ये त्याचे ‘मुंबईची खार’ म्हणून वर्णन केले आणि 1777 मध्ये एर्क्सलेबेन या जर्मन पंडिताने त्याला ‘इंडिकस’ हे लॅटिन जातिनाम दिले. (आमच्या अंगणातील पट्टेवाल्या खारीचे शास्त्रीय नाव याच पेनंटच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे, हा योगायोग मला फार आवडतो.) आज शेकरूचा समावेश कृंतक गणातील खारींच्या कुळात, ‘रॅटुफा’ या प्रजातीत होतो. या प्रजातीत महाखारींच्या चारच जाती आहेत: एक मलाया, सुमात्रा व बोर्निओच्या वर्षावनांतील, दुसरी, काळ्या पाठीची, ईशान्य भारतापासून जावापर्यंत पसरलेली, तिसरी, करड्या केसांची, श्रीलंकेत व दक्षिण भारताच्या थोड्या भागात राहणारी, आणि चौथे आपले शेकरू, जे भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कोठेही नाही.

खरा वाद आहे तो जातीच्या पोटातील उपजातींचा. मुंबई सरकारने दख्खनच्या मुलखाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या कर्नल साइक्स यांनी 1831 मध्ये सह्याद्रीतील तांबूस पाठीच्या व पांढुरक्या शेपटीच्या शेकरूला एल्फिन्स्टनचे नाव दिले. मुंबईचा गव्हर्नर होण्यापूर्वी हाच एल्फिन्स्टन नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, हे येथे नमूद करणे आम्हां नागपूरकडील लोकांना अप्रस्तुत वाटू नये. पुढे ब्लॅनफर्डने 1897 मध्ये डांगच्या फिकट शेकरूला वेगळे नाव दिले, आणि मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतून, 1913 मध्ये, कॅथलीन रायली या विदुषीने होशंगाबादजवळच्या बोरीच्या जंगलातील नमुन्यावरून मध्य भारतीय उपजात निश्चित केली. 1952 मध्ये हुमायून अब्दुलअली व जे. सी. डॅनियल यांनी या सर्व उपजातींची नव्याने छाननी केली. 2005 च्या जागतिक सूचीत मात्र चारच उपजाती मान्य झाल्या, आणि साइक्सचे एल्फिन्स्टनी नाव मूळ नावातच विलीन करण्यात आले.

असा फेरफार वारंवार का व्हावा? कारण ही सारी विभागणी मुख्यत्वे रंगावर उभी आहे, आणि रंग हा हद्दीचा दगड म्हणून फारसा भरवशाचा नाही. दमट प्रदेशात प्राण्यांचा वर्ण गडद होत जावा आणि कोरड्या प्रदेशात फिकट, असा एक व्यापक नियम ग्लोगर या शास्त्रज्ञाने मांडला होता; दक्षिणेकडील पावसाळी वनांत काळी झाक असलेली शेकरे आणि उत्तरेकडे डांगमध्ये जवळजवळ पांढुरकी शेकरे पाहिली, म्हणजे त्याची आठवण होते. जो फरक पावसाबरोबर हळूहळू बदलत जातो, त्याच्यावर सरहद्दीची रेघ कोठे ओढावी, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणे स्वाभाविकच होते.

माझ्या मते शेकरूची खरी सरहद्द कातडीच्या रंगात नसून झाडांच्या शेंड्यांत आहे. हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर, पाचसहा मीटरांची झेप घेत, तो आपला दिनक्रम पार पाडतो. मागच्या पायांनी फांदी धरून, शेपटीचा तोल सांभाळत, पुढच्या पंजांत फळ घेऊन खातो. आणि बारीक फांद्यांची व पानांची गोल घरटी उंच झाडांवर, जेथे शेजारच्या झाडाच्या फांद्या येऊन भिडलेल्या असतात अशा ठिकाणी, एक नव्हे तर अनेक बांधतो, म्हणजे शत्रू आल्यास कोणत्याही बाजूने निसटता येते. ज्याची सारी वहिवाट अशी अधांतरी आहे, त्याला जंगलातून काढलेली रुंद सडकसुद्धा ओलांडणे कठीण. मग मौद्याभोवतीची कोसच्या कोस उघडी शेते त्याने कशी ओलांडावीत? म्हणूनच भीमाशंकरच्या निमसदाहरित वनात, जे 1985 मध्ये अभयारण्य झाले, किंवा मेळघाटात, किंवा गडचिरोलीत जी शेकरे आहेत, ती एकाच जातीची असूनही, पाण्याने वेढलेल्या बेटांवरील रहिवाशांप्रमाणे, परस्परांपासून तुटलेली आहेत.

अशा बेटांपैकी एखादे बुडाले तर काय होते, हे डांगने दाखविले आहे. ब्लॅनफर्डने नाव दिलेले ते फिकट शेकरू तेथून नाहीसे झाले असावे असे तज्ज्ञ मानतात; 2005 च्या सूचीतील चार नावांत मात्र त्याचे नाव अजून आहे.