सांधे, त्वचा आणि रक्त : 'आठवड्याची गोळी' सुरू असलेल्या घरांसाठी

काही वर्षांपूर्वीची एक रुग्ण माझ्या कायम लक्षात आहे. वय चाळिशीच्या आसपास, काम शेतातले. तोंडात इतके फोड की पाणी गिळता येत नव्हते. अंगात ताप, आणि पायांवर मोहरीएवढे लाल-जांभळे ठिपके. नवऱ्याने पिशवीतली औषधे टेबलावर ओतली. त्यात मेथोट्रेक्झेटची पट्टी होती. मी विचारले, "ही कधी घेतात?" ते म्हणाले, "रोज सकाळी, काहीतरी खाऊनच. नऊ दिवस झाले. एकही दिवस चुकवला नाही."

ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. चिठ्ठीवर तसे लिहिलेही होते, पण इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारा एकच मुलगा, तो कामासाठी पुण्याला. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही फार खाली गेल्या होत्या. त्याच दुपारी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. त्या वाचल्या. पण औषध बिनचूक, न विसरता घेणाऱ्या घरात हे घडले, म्हणून हा लेख.

ही गोळी कोणाला देतात?

मुख्यतः दोन आजारांत : रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, आणि सोरायसिस. एक सांध्यांचा, दुसरा कातडीचा. पण दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. शरीराची प्रतिकारशक्ती, जिने जंतूंशी लढायचे, ती आपल्याच अवयवांवर उलटते. मेथोट्रेक्झेट हा चुकीचा हल्ला मंदावते. त्याच गोळीचा दुष्परिणाम झाला तर तो बऱ्याचदा रक्तात दिसतो. म्हणून हाडांचे डॉक्टर, त्वचेचे डॉक्टर आणि रक्ताचा रिपोर्ट या तिन्ही गोष्टी एकाच फाईलमध्ये येतात आणि घरच्यांचा गोंधळ उडतो.

प्रत्येक सांधेदुखी म्हणजे आमवात नव्हे

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. सुमारे ४ हजार प्रौढांपैकी १८ टक्क्यांना हाडे-सांधे-स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. खरा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस मात्र साधारण २०० जणांत एकालाच निघाला. बाकीच्यांत गुडघ्यांची झीज, कंबरदुखी, कष्टाने आखडलेले स्नायू असेच जास्त. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण 'मला वात आहे' असे म्हणत रोज येणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना या गोळीची गरजच नसते.

मग ओळखायचे कसे? मी आमच्याकडच्या बायकांना एकच विचारतो : सकाळी उठल्यावर भाकरी थापता येते का? आमवातात उत्तर येते, "मूठच वळत नाही, ऊन वर आल्यावर हात मोकळे होतात." म्हणजे सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त टिकतो, हात हलवल्यावर कमी होतो. दुखणे बोटांच्या मुळाशी, बोटांच्या मधल्या पेरांत आणि मनगटात, बहुधा दोन्ही हातांना. सांधे नुसते दुखत नाहीत, सुजतात, दाबल्यावर मऊ लागतात. झिजेच्या दुखण्यात उलटे असते. सकाळी पाच-दहा मिनिटे आखडलेले, मग बरे, आणि दिवसभर काम करून संध्याकाळी गुडघा बोलायला लागतो.

तिसरा प्रकार आपल्या भागाने चांगलाच पाहिला आहे : चिकुनगुनिया. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली, नंतर तो जवळपास नाहीसा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा मराठवाड्यातही गावेच्या गावे अंथरुणाला खिळली. त्यात ताप जातो, पण सांधे आठवडे, कधी महिने दुखत राहतात आणि चित्र हुबेहूब आमवातासारखे दिसते. म्हणून दुखणे तापानंतर सुरू झाले का, घरात आणखी कोणाला झाले का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तीन महिन्यांनंतरही सूज उतरली नाही, तर पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात.

रक्ताच्या तपासणीबद्दल एक गैरसमज. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झाला असे नाही. तो निरोगी म्हाताऱ्या माणसातही येतो, काही जंतुसंसर्गांतही येतो. आणि आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी ही चाचणी त्याहून नेमकी आहे. तरी निदान होते ते हात पाहून आणि दाबून. नुसता कागद पाहून गोळी सुरू करू नये आणि बंदही करू नये.

सोरायसिस आणि नायटा

सोरायसिसचे चट्टे जाड, लालसर, वर चांदीसारखे कोरडे खवले असलेले असतात. कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्यात जास्त. नखांवर सुईच्या टोकासारखे खड्डे पडतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. ताट वेगळे करायचे, टॉवेल वेगळा करायचा, मुलीला कार्यात पुढे येऊ द्यायचे नाही, या सगळ्याला काहीही आधार नाही, आणि याचा त्रास चट्ट्यांपेक्षा जास्त होतो हे मी पाहिले आहे.

नायटा म्हणजे गजकर्ण मात्र बुरशीचा आजार, आणि तो पसरतो. त्याची कड उठलेली, मधला भाग मोकळा, जागा जांघेत किंवा कमरेला. दुकानातून आणलेल्या तीन औषधांच्या मिश्र मलमात बहुतेकदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी महिनाभरात दुप्पट होते. आज नायट्याचे जे हट्टी रुग्ण दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या खिशात हीच ट्यूब असते.

सोरायसिसच्या पाच-सहा रुग्णांमागे साधारण एकाला सांध्यांचाही आजार होतो. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत भाजीच्या शेंगेसारखे सुजते किंवा टाच दुखते. त्वचेच्या डॉक्टरांना सांधे आणि हाडांच्या डॉक्टरांना चट्टे दाखवायला लोक विसरतात. दोन्ही दाखवा, लाज बाळगू नका. डोक्यातल्या केसांत लपलेल्या एका चट्ट्यावरून सांधेदुखीचे निदान बदलू शकते.

रक्त कमी का होते?

आमवाताच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी आले की घरचे लोहाची बाटली आणतात. कधी ते बरोबर असते, कधी नाही. जुनाट सुजेच्या आजारात शरीर लोह स्वतःच अडकवून ठेवते, म्हणजे धान्य कोठारात आहे पण कुलूप लागले आहे. अशा वेळी आजार आटोक्यात आला की रक्त आपोआप चढते. दुसरे कारण जास्त धोक्याचे : रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम होऊन थोडे थोडे रक्त जाते. शौच डांबरासारखी काळी होत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात या. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, म्हणून कोणती औषधे चालू आहेत ते सांगा.

तिसरे कारण बी-१२ ची कमतरता. माळकरी घरात, जिथे मांस-अंडी नाहीत आणि दूधही चहापुरते, तिथे हे नेहमी सापडते. हातापायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि लाल, चालताना तोल जातो. आणि चौथे कारण ही गोळी स्वतः.

मेथोट्रेक्झेट शरीरातल्या फॉलिक ॲसिडचे काम अडवते. गंमत अशी की फॉलिक ॲसिडची कहाणी आपल्या मुंबईतून जाते. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या आणि गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या एका जबर पंडुरोगाचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवले. अर्कातला तो घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच चमूने फॉलिक ॲसिडला अडवणारी औषधेही बनवली. ती आधी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरली गेली आणि १९५१ मध्ये अशा एका औषधाने संधिवात व सोरायसिसही सुधारतो हे लक्षात आले. मेथोट्रेक्झेट त्याच कुळातली. म्हणून नेटवर शोधल्यावर 'कॅन्सरचे औषध' असे दिसते आणि रुग्ण घाबरून गोळी फेकून देतात. कर्करोगात हिचे डोस कितीतरी मोठे असतात. सांध्यांसाठी आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, बस.

पण हाच डोस रोज घेतला तर अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या रक्ताच्या कारखान्याला, पेशी बनवायला उसंतच मिळत नाही. आतडे आणि तोंडाची त्वचाही झपाट्याने नवी होणारी, म्हणून पहिली खूण तोंडातले फोड.

घरात काय करायचे

एक वार ठरवा. मी रुग्णांना त्यांच्या गावचा आठवडी बाजार विचारतो आणि तोच वार चिठ्ठीवर मराठीत लिहून देतो. बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. तो वार उपवासाचा नसावा, रिकाम्या पोटी मळमळते. पट्टीवर पेनाने वाराचे नाव लिहा. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी, डॉक्टर सांगतील तेवढी. दोन्ही गोळ्या पिवळसर आणि लहान असू शकतात, म्हणून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. दुकानातून पट्टी घेताना गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते दर वेळी पाहा, अडीचच्या जागी दहाची आली तर चौपट डोस होतो.

वार चुकला आणि दोन दिवसांच्या आत आठवले तर घ्या. त्यापुढे गेले तर सोडून द्या, पुढच्या ठरलेल्या वारी एकच डोस. भरपाई म्हणून दोन कधीही नाहीत.

परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. या काळातच लोक कंटाळून 'वाताच्या पुडी'कडे जातात. अशा बिननावाच्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आठ दिवसांत माणूस पळायला लागतो, वर्षभरात तोंड गोल होते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी कित्येक महिने चालू असेल तर मात्र अचानक बंद करू नका, डॉक्टरांना खरे सांगा. ती हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर जिवावर बेतू शकते. आम्ही रागावत नाही. म्हणजे, थोडे रागावतो.

सुरुवातीला सीबीसी, यकृत आणि किडनीच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिसची चाचणी. पुढे पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, मग दोन-तीन महिन्यांनी. बरे वाटतेय म्हणून ही तपासणी टाळू नका. रक्ताच्या पेशी कमी होताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

दारू बंद. गरोदर बाईला ही गोळी अजिबात चालत नाही, गर्भाला व्यंग येऊ शकते. मूल हवे असेल तर किमान तीन महिने आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही घ्यायची नाही. लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी कोणी सेप्ट्रान दिली तर 'माझी मेथोट्रेक्झेट चालू आहे' असे ठणकावून सांगा. ही जोडी रक्ताला फार घातक ठरते.

आणि उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जुलाब-उलट्या झाल्या, अंगातले पाणी कमी झाले की किडनी मंदावते. ही गोळी किडनीवाटेच बाहेर पडते, ती अंगात साचते. त्या आठवड्यात गोळी थांबवून फोन करा. जोराचा ताप, कुठलाही मोठा जंतुसंसर्ग असेल तेव्हाही तसेच.

तोंडात फोड, ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, कोरडा खोकला आणि धाप, यातले काहीही दिसले तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, सोबत पट्टी आणा. रिकामी असली तरी आणा, त्यावरून आम्हाला डोस मोजता येतो. वेळेत आलात तर फोलिनिक ॲसिडचे इंजेक्शन देता येते.

त्या बाईंनी बरे झाल्यावर औषध घ्यायला सरळ नकार दिला होता. सात-आठ महिने काहीच घेतले नाही. बोटे वाकायला लागली, वेचणीच्या दिवसांत बोंडातला कापूस चिमटीत येईना, तेव्हा परत आल्या. संधिवाततज्ज्ञांशी बोलून आम्ही गोळीऐवजी आठवड्याचे इंजेक्शन सुरू केले. ते टोचायला त्यांना दर गुरुवारी आमच्याकडेच यावे लागते, त्यामुळे घरी चूक व्हायला जागाच उरली नाही.