केळीच्या जमिनीचा निचरा कसा तपासाल?

रावेर, यावल, चोपडा भागात जमीन घेताना आपण वरची माती हातात चोळून पाहतो. केळीच्या दृष्टीने खालचा थर जास्त महत्त्वाचा. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांनी पायथ्याशी गोटे, वाळू आणि माती सरमिसळ टाकली आहे. तिथे पाणी झपाट्याने मुरते. तापीकडे यावे तसा गाळ बारीक होतो, चिकण माती वाढते आणि निचरा मंदावतो.

लागवडीआधी शेतात दोन-तीन ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या. माती एकसारखी तपकिरी असेल तर हवा खेळती आहे. राखाडी-निळसर छटा किंवा गंजासारखे ठिपके दिसले, तर पावसाळ्यात तिथे पाणी साचते, मुळे कुजतात. आता खड्डा पाण्याने भरा. काळ्या जमिनीत पहिले पाणी भेगांतच शिरते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर चर काढून गादीवाफ्यावरच लागवड करा. पांढरे चुनखडीचे खडे जास्त असतील तर कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. युरिया वाढवून ती जात नाही.

पायथ्याच्या हलक्या जमिनीत उलट अडचण. तिथे ठिबक रात्रभर चालवले की पाण्याबरोबर नत्रही मुळांखाली जाते. पाणी कमी वेळ पण वारंवार द्या, युरिया लहान हप्त्यांत विभागा. शेजाऱ्याचे वेळापत्रक उचलण्याआधी त्याच्याही बांधावर खड्डा घेऊन पाहा.